बिडाचे जुने डोअर क्लोजर : हौस, दुरुस्ती आणि निगा

कनेटिकटकर

जुनी घड्याळं, ग्रामोफोन, पितळी कुलुपं यांवर इथे छान छान धागे आहेत. दाराच्या वरच्या कोपऱ्यात बसून वर्षानुवर्षं दार ओढून घेणाऱ्या बिडाच्या क्लोजरवर मात्र एकही सापडला नाही. म्हणून हा काढतोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी राहतो ते कनेटिकट राज्य म्हणजे या वस्तूचं माहेर. कुलुपं आणि क्लोजर बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांपैकी कॉर्बिन आणि रसेल अँड अर्विन हे दोघे न्यू ब्रिटन गावचे, १९०२ मध्ये एकाच छत्राखाली आले. सार्जंट न्यू हेवनचा, येल अँड टाऊन स्टॅमफर्डचा. सगळी गावं एकमेकांपासून गाडीने तासा-दीड तासाच्या आत. जुनी शाळा किंवा कचेरी पाडायला काढली की पाडकामवाले दारं, बिजागऱ्या आणि क्लोजर वेगळे काढून गोदामात मांडतात. तिथे माझा शनिवार जातो.

याची सुरुवात बॉस्टनची. कॉप्ली स्क्वेअरमधलं ट्रिनिटी चर्च १८७७ मध्ये उघडलं. प्रार्थना चालू असताना जड दारं धाडकन आपटायची. लुइस सी. नॉर्टन या माणसाने तिथल्या दारांसाठी हवेवर चालणारा अटकाव बनवला. स्प्रिंग दार ओढणार आणि सिलिंडरमध्ये कोंडलेली हवा त्याला सावकाश येऊ देणार. आज जगभर क्लोजरवर दिसणारं एलसीएन हे नाव त्याच्याच आद्याक्षरांचं. पण हवा दाबली जाते, त्यामुळे दार शेवटी उसळी खातं. तेल दाबलं जात नाही. म्हणून पुढे द्रव भरलेले क्लोजर आले आणि त्यांनी बाजी मारली. येल अँड टाऊनचे 'ब्लाउंट' क्लोजर त्यातलेच.

इथले हौशी ज्याला 'पॉटबेली' म्हणतात त्याची रचना सांगतो. वरच्या गोल पोटात उभ्या दांड्याभोवती जाड स्प्रिंग गुंडाळलेली. तोच दांडा खाली आडव्या सिलिंडरमध्ये उतरतो आणि तिथे एका क्रँकने पिस्टन मागेपुढे करतो. दार उघडताना पिस्टनमधली छोटी गोळी बाजूला होते, तेल मोकळेपणी पलीकडे जातं. दार मिटताना गोळी भोक बंद करते आणि तेलाला एका बारीक वाटेनेच परत यावं लागतं. त्या वाटेवर बाहेरून फिरवता येणारा स्क्रू. बस्स. संपूर्ण यंत्रात समजायला अवघड असं काही नाही, आणि प्रत्येक भाग पान्याने उघडतो. माझं प्रेम याच गोष्टीवर आहे. ज्यांनी हे ओतलं त्यांनी गृहीतच धरलं होतं की कुणीतरी पुढे हे खोलून नीट करेल.

सध्या टेबलावर एक कॉर्बिन उघडून ठेवलाय. झाकणावर उठावाची अक्षरं, त्यात रंगाचे थरावर थर : वर शाळेचा हिरवा, खाली करडा, त्याखाली पांढरा आणि अगदी तळाशी मूळची कांस्याच्या भुकटीची सोनेरी झाक. आत काकवीसारखं काळं, घट्ट तेल. ते पुसल्यावर सिलिंडरची भिंत आरशासारखी निघाली, एक ओरखडा नाही.

जाता जाता एक युक्ती. बऱ्याच अमेरिकन क्लोजरच्या झाकणावर पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. त्यातली सर्वांत अलीकडची तारीख बघा, वस्तू त्याच्या आधीची असू शकत नाही. एखादा आकडा झिजून ३ की ८ कळत नसेल तर पंचांग काढा. अमेरिकेत पेटंट मंगळवारीच जाहीर होतात, त्यामुळे जी तारीख मंगळवारी पडते तीच खरी.

कुणाकडे असे क्लोजर असतील तर लिहा. फोटो टाका.

बॅलार्डकर

वा! हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. आमचं ऑफिस मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये, म्हणजे जॉर्ज विटेटने पहिल्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या इमारतींपैकी एकीत. सागवानी दारं आणि त्यावर इंग्लंडहून आलेले बिडाचे क्लोजर. चार दारांवरचे अजून जागेवर आहेत, पण नीट चालतो एकच.

एक प्रश्न आहे. साहेबांच्या केबिनचा क्लोजर दिवसभर एसी चालू असला की दार अर्ध्यावर धरून ठेवतो, सोडतच नाही. सोमवारी सकाळी, रविवारभर एसी बंद राहिलेला असला की अगदी छान मिटतो. स्प्रिंग गेली असं गृहीत धरून एकाने नवा हायड्रॉलिक बसवायचं कोटेशनही दिलंय. मला तो जुना काढवत नाही.

कनेटिकटकर

बॅलार्डकर, काढू नका! आत तेल कुठलं घातलंय ते विचारा. मला खोबरेल तेलाचा दाट संशय आहे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. एसी २२ वर लावला की सिलिंडरमध्ये लोणी. एसी बंद झाला की परत पातळ. स्प्रिंगचा यात काही दोष नाही.

बॅलार्डकर

आमच्या जुन्या शिपायांना फोन केला. खोबरेलच! गळायला लागला तेव्हा त्यांनीच घातलं होतं, आणि आपुलकीने घातलं होतं. आता पुढे काय करू? धुवायला रॉकेल तर हल्ली मिळतही नाही.

कनेटिकटकर

डिझेल किंवा टर्पेंटाइन चालेल. पण आधी उघडण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे बोटं जाऊ शकतात.

पोटातली स्प्रिंग दार मिटलेलं असतानाही ताणलेली असते. झाकणाचे स्क्रू काढायच्या आधी तो ताण पूर्ण उतरवायचा. वर एक दातेरी चक्र आणि त्याला अडवणारा खटका दिसेल. दांड्याच्या चौकोनी डोक्यावर घट्ट बसणारा लांब पाना लावा, ताण पान्यावर घ्या, मग खटका उचला आणि एकेक दाता सोडत या. पाना पूर्ण सैल पडला की ताण संपला. पाना जरासुद्धा घसरत असेल तर थांबा, नीट मापाचा आणा. काही बनावटींत खटक्याऐवजी भोकात खिळा घालून ताण धरलेला असतो, रीत तीच. हे काम शिडीवर उभं राहून करू नका. क्लोजर दारावरून उतरवून व्हाइसमध्ये धरा, जबड्यांना लाकडाच्या फळ्या लावा. बीड चिमटलं तर तडकतं.

मग तेलाचा बूच काढून उलटा करा. जेवढं येईल तेवढं येऊ दे, क्लोजरचा हात (त्याला चौकटीशी जोडणारा दांडा) फिरवत राहा म्हणजे पिस्टन उरलेलं ढकलेल. टर्पेंटाइन भरून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी ओता. धुवण स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवा. पिस्टनमधली गोळी मोकळी झाली का ते बघायला क्लोजर हलवून कानाला लावा, बारीक खडखड ऐकू आली पाहिजे.

तेल : साधं हायड्रॉलिक तेल, ३२ ग्रेडचं. हा आकडा म्हणजे ४० अंशांना त्याचा घट्टपणा ३२ सेंटिस्टोक. जॅकमध्ये घालतात ते तेलही याच गटातलं, चालतं. गाडीचं ब्रेक ऑइल कधीही नको. ते ग्लायकॉलचं असतं, हवेतलं पाणी ओढतं आणि सांडलं तर दाराचं पॉलिश खातं. मोहरीचं, जवसाचं तेल सुकून चिकट होतं. एरंडेल सुकत नाही, पण या कामासाठी फार घट्ट आहे.

विदर्भातला_उन्हाळा

उत्तम माहिती. आमच्याकडे नागपूरला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि पोर्चमधलं दार आपटायला लागतं. डिसेंबरात तेच दार रेंगाळतं. दर वेळी स्क्रू फिरवावा लागतो. ४६ ग्रेडचं घातलं तर?

कनेटिकटकर

बाहेरच्या दारासाठी ४६ घालायला हरकत नाही. पण ऋतू बदलला की स्क्रूला पाव आटा इकडेतिकडे लागणारच, तेवढं या वस्तूचं मागणं आहे. उजवीकडे फिरवलं की हळू, डावीकडे फिरवलं की जलद. एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त नको आणि स्क्रू पूर्ण बाहेर तर कधीच काढू नका. दाब असताना निघाला तर तेलाची चिळकांडी थेट डोळ्यात येते.

मीनल_पार्ले

फार सुंदर लिहिताय. मला यंत्रातलं कळत नाही, पण आमच्या आजोळच्या वाड्यात दवाखान्याच्या दारावर असा एक होता, त्यामुळे वाचत बसले.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या सोसायटीत जिन्याच्या फायर डोअरचा क्लोजर इतका कडक आहे की सासूबाईंना दार ढकलवतच नाही. मग कुणीतरी कुंडी लावून दार उघडंच ठेवतं. तिथे असा जुना, मऊ चालणारा बसवता येईल का?

कनेटिकटकर

मीनलताई, तिथे जुना अजिबात नको. फायर डोअर चौकट, फळी, बिजागऱ्या आणि क्लोजर यांसकट तपासलेलं असतं. आग लागली तर धूर जिन्यात शिरू न देणं हे त्याचं एकच काम, आणि ते दर वेळी कडीत जाऊन बसलंच पाहिजे. माझ्या हातचा कितीही छान चालणारा पॉटबेली मी तिथे लावणार नाही. आणि ती कुंडी आजच हलवायला सांगा. क्लोजर नुसता शोभेचा उरला की दाराचा उपयोग शून्य.

कडकपणावर इलाज आहे. बसवणाऱ्याला बोलवून दाराच्या मापाला योग्य ताकदीचा क्लोजर आहे का ते बघायला सांगा. अनेकदा रुंद दाराचा क्लोजर अरुंद दारावर ठोकलेला असतो, किंवा ज्याची ताकद कमी करता येते त्याचीही कुणी केलेली नसते. अमेरिकेत अपंगांसाठीच्या नियमांत आतल्या साध्या दाराला ५ पौंडांपेक्षा जास्त जोर लागू नये असं आहे. फायर डोअरला ती मर्यादा नाही, पण म्हणून वाटेल तेवढं कडक ठेवायचं असंही नाही.

लेस्टरवासी

यात भर घालते. इकडे युरोपीय मानकात, ईएन ११५४ मध्ये, १ ते ७ अशा ताकदी आहेत. ३ नंबर म्हणजे ९५० मिलिमीटर रुंद आणि ६० किलोपर्यंतचं दार, ४ नंबर म्हणजे ११०० मिलिमीटर आणि ८० किलो. मीनल, तुमच्या क्लोजरवर हा आकडा असेल तर दाराशी ताडून बघता येईल. भारतातही हायड्रॉलिक क्लोजरसाठी आयएस ३५६४ आहे.

बॅलार्डकर, तुमच्याकडचे इंग्लिश क्लोजर कोणते? बर्मिंगहॅमच्या विल्यम न्यूमनचे 'ब्रिटन' इथे जुन्या टाऊन हॉलमध्ये अजून दिसतात. आणि दाराच्या खाली जमिनीत पितळी पट्टी आहे का बघा. असेल तर ती फ्लोअर स्प्रिंग. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सच्या 'व्हिक्टर' फ्लोअर स्प्रिंगवर नाव कोरलेलं असतं. त्या पेटीत फरशी पुसताना पाणी शिरतं आणि तेलाखाली तळाशी बसून गंज धरतं. फरशी ओल्या फडक्याने पुसा, बादली ओतू नका.

बॅलार्डकर

मुख्य दाराला पितळी पट्टी आहे! त्यावरून रोज चालतोय, कधी वाकून बघितलं नाही. अक्षरं पार झिजलीत, उद्या कागद ठेवून पेन्सिल घासून बघतो.

शिरोलीकर

नमस्कार. मी कोल्हापूरचा, शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम करतो. बिडाबद्दल दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिली, हातोडी बाजूला ठेवा. अडकलेला स्क्रू ठोकून काढायला गेलात तर कान (स्क्रू बसतो ती बाहेर आलेली पाकळी) तुटतो. स्क्रूभोवतीचं बीड सावकाश गरम करा, गार होऊ द्या, पातळ तेल सोडा, परत गरम करा. मात्र हे आतलं तेल आणि टर्पेंटाइन पूर्ण काढून, बूच उघडा ठेवूनच. बंद पोटात वाफ कोंडली तर जिवावरचं आहे.

दुसरी, कान तुटलाच तर गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे साधी कांडी मारायला देऊ नका. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. साध्या कांडीने जोडाशेजारचा भाग काचेसारखा कडक होतो आणि गार होताना बाजूलाच नवी चीर जाते. निकेलची कांडी, आधी तापवणं, छोटे छोटे टाके आणि शेवटी राखेत किंवा कोरड्या वाळूत पुरून सावकाश गार करणं, ही पद्धत. ताण न येणाऱ्या भागाला पितळेने ब्रेझिंगही चांगलं बसतं.

झाकणच हरवलं असेल तर नवं ओतता येतं. दुसऱ्या तशाच क्लोजरचं झाकण नमुना म्हणून द्या. ओतकाम गार होताना बीड सुमारे १ टक्का आकसतं, म्हणून जुन्या झाकणावरून थेट साचा घेतला तर नवं किंचित लहान येतं. पॅटर्नवाल्याला (साच्यासाठी नमुना बनवणाऱ्याला) हे आधी सांगा, तो कडेला भर लावून देतो. एक-दोन नगांसाठी मोठी फाउंड्री भट्टी लावणार नाही, पण छोट्या फाउंड्रीत ओळखीने दुसऱ्या मालाबरोबर होऊन जातं.

कनेटिकटकर

शिरोलीकर दादा, शतशः धन्यवाद. आकसण्याचा हा मुद्दा इकडच्या हौशांनाही सांगतो.

ठाकठीक

रंगाबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या मते सगळे थर उतरवून झकास ब्लॅक जपान (काळं चकचकीत रोगण) मारावा. बीड काळंच शोभतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर आणि एक लोखंडी पट्टी एवढ्यावर गंज आणि रंग दोन्ही निघतात.

कनेटिकटकर

पद्धत चांगली आहे. ऋण टोक क्लोजरला आणि धन टोक त्या लोखंडी पट्टीला लावायचं, उलट झालं तर क्लोजरच विरघळेल. पट्टी स्टेनलेसची नको, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. हायड्रोजन निघतो, म्हणून गच्चीत किंवा उघड्यावर करा. तेलाच्या खोलीतले सगळे भाग आधी वेगळे काढा, नुसत्या मोकळ्या बिडालाच या पाण्यात घाला.

पण सगळे थर काढायच्या मी विरोधात आहे. माझ्या कॉर्बिनवरचा तो शाळेचा हिरवा रंग हा त्या शाळेचा उरलेला एकमेव पुरावा आहे, इमारत आता नाही. मी सैल पापुद्रे काढतो, गंज थांबवतो, वरून पातळ मेण लावतो. मूळची सोनेरी झाक कुठे शाबूत असेल तर तिला हातही लावत नाही. ती एकदा गेली की कुठल्याही डब्यातून परत येत नाही.

आणि घासायचंच असेल तर ओलं घासा. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता जवळपास नक्कीच. भारतात घरगुती रंगांवर शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीचा कुठलाही थर संशयित धरा. घरात लहान मूल असेल तर हे काम घरात करूच नका.

ठाकठीक

शिशाचं मान्य. रंगाचं नाही. वस्तू ज्या दिवशी कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे असं मला वाटतं. तुमचा हिरवा तुम्हाला लखलाभ, माझा काळा मला. :)

बॅलार्डकर

प्रगती कळवतो. केबिनचा क्लोजर उतरवला, धुतला, ३२ नंबरचं तेल भरलं. दार आता एसीतही मिटतं! पण दांड्याच्या मुळाशी तेलाचा थेंब जमतोय. दोन दिवसांत दारावर ओघळ आला.

कनेटिकटकर

अभिनंदन! मुख्य लढाई जिंकलीत. गळती पॅकिंगची आहे. गोठलेलं खोबरेल इतके दिवस बूच होऊन बसलं होतं, आता पातळ तेलाला वाट मिळाली.

रबरी ओ-रिंग क्रिस्टेन्सन या गृहस्थाच्या अमेरिकन पेटंटने १९३९ नंतर पसरली. तुमचा क्लोजर त्याआधीचा, म्हणजे दांड्याभोवती चामडं किंवा दोरीचं पॅकिंग आणि वरून दाबणारा ग्लँड नट. आधी नट अगदी थोडा आवळून बघा. नाही थांबलं तर पॅकिंग बदला. नागदेवीला पाण्याच्या पंपांचं सामान विकणाऱ्यांकडे ग्राफाइट लावलेली ग्लँड दोरी मिळते. जुनं पॅकिंग वाकड्या तारेने उकरून काढा, दांड्याला ओरखडा जाऊ देऊ नका. दोरी दांड्याएवढ्या काठीवर गुंडाळून तिरप्या कापाने एकेक वेढा वेगळा करा. वेढे एकावर एक बसवताना प्रत्येकाचा सांधा आधीच्याच्या समोरच्या बाजूला आला पाहिजे. एका रेषेत आले तर तेल त्याच फटीतून चढतं. नट हातानेच आवळा, मग पान्याने जरासा. जास्त आवळलात तर दांडा जखडतो आणि दार कडीपाशी येऊन थांबतं.

दार कडीत बसत नाही म्हणून लोक लगेच स्प्रिंग ताणतात, त्याबद्दलही सांगून ठेवतो. पावसाळ्यात सागवानसुद्धा थोडं फुगतं. आधी क्लोजरचा हात सोडून दार नुसत्या हाताने मिटवून बघा. चौकटीला घासत असेल, बिजागरी उतरली असेल, तर दोष तिथे आहे. एसीची खोली घट्ट बंद असेल तर आतली हवाही दार अडवते.

जुना_बाजार_पुणे

रोमात (नुसता वाचत) होतो, आता लिहितोच. रविवारी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात जातो. भंगारात असे डबे किलोच्या भावाने पडलेले पाहिलेत, घ्यायचं धाडस झालं नाही. घेताना काय बघू?

कनेटिकटकर

सर्वांत आधी हात आणि तो जिथे अडकतो तो चौकटीवरचा बूट सोबत आहे का ते. नुसता डबा घेतलात तर त्या बनावटीचा हात शोधण्यात जन्म जाईल. मग चारही कान तपासा, रंगाखाली चीर लपते, म्हणून नखाने खरवडून बघा.

चौकोनी डोक्यावर पाना लावून फिरवा आणि सोडा. सुरुवातीला मोकळा सुटून मग तेलात अडकल्यासारखा मंद झाला, तर तेल कमी आहे, बाकी ठणठणीत. पूर्ण मोकळा परत आला तर तेल संपलंय किंवा गोळी अडकलीय, तरीही घ्या. स्प्रिंग अजिबात परत ओढत नसेल तर ती तुटलेली किंवा उतरवलेली आहे, भाव पाडून घ्या. जागचा हलतच नसेल आणि दांड्याजवळ जाड गंज असेल तर सोडून द्या, सिलिंडर आतून गेलेला असतो.

शेवटी डाव्या-उजव्या दाराचा फरक. अनेक पॉटबेलींची स्प्रिंग एकाच दिशेला गुंडाळलेली असते. तुमचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते घरून बघून जा.

जुना_बाजार_पुणे

मिळाला! हात आहे, बूट आहे, कान चारही शाबूत. सुरुवातीला मोकळा सुटतो, मग मंद. झाकणावर अक्षरं आहेत पण रंगाने बुजलीत. पॅकिंग कोरडं दिसतंय. तेल आधी भरू की पॅकिंग आधी?

कनेटिकटकर

पॅकिंग आधी. मग तेल भरताना हात सावकाश पूर्ण फिरवा, परत आणा, बुडबुडे येऊ दे, पातळी उतरली की अजून भरा. बुडबुडे थांबेपर्यंत बूच लावू नका. दारावर चढवल्यावर नेहमीच्या बसवणीत, दार मिटलेलं असताना, पुढचा बारीक हात चौकटीशी काटकोनात यायला हवा. त्यानंतरच स्प्रिंगला ताण द्या, एकेक दाता, आणि दार कडीत नीट बसायला लागलं की थांबा.

रंगाचा सैल पापुद्रा ओल्या फडक्याने काढून झाकणाचा फोटो टाका. तारीख असेल तर मंगळवार येतो का बघू.